आश्रित नव्हेत, कामकरी आहेत!

रायपूर शहरातील पंडरीचा कापड बाजार हे छत्तीसगडमधील कापडाच्या घाऊक व्यापाराचे एक प्रमुख केंद्र आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांचा या शहराच्या व्यापारात मोठा वाटा आहे. त्यांच्या यशाची कहाणी राज्यकर्ते, व्यापारी पुढारी आणि भांडवलदारी वृत्तपत्रे मोठ्या कौतुकाने सांगत असतात: निर्वासित आला, त्याने कोणापुढे हात पसरला नाही, खांद्यावर गाठोडे घेऊन फिरला आणि शेवटी दुकानाच्या गादीवर बसला. ही कहाणी खोटी नाही. परंतु ती अर्धी आहे. तिच्यात गादीवर बसलेला पुरुष आहे, पण घराच्या एका कोपऱ्यात साड्यांना फॉल लावणारी, पापड लाटणारी, शिलाई यंत्रावर डोळे फोडणारी त्याची आई, बहीण आणि बायको नाही. ज्याला गादी कधीच मिळाली नाही, जो आजही दुसऱ्याच्या दुकानात नोकर आहे, अशा निर्वासिताची बायको तर नाहीच नाही.

देशाच्या सीमा ओलांडून येथे आलेल्या स्त्रीला येथे काम करण्याचा हक्क आहे काय आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न म्हणूनच सहसा विचारला जात नाही. विचारला गेलाच तर दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक उत्तर असे की, आपण त्यांना आश्रय दिला, आता आणखी काय हवे? दुसरे असे की, बाहेरून आलेले लोक स्थानिकांच्या तोंडचा घास हिरावून घेत आहेत. पहिल्या उत्तरात ती दयेची धनी आहे, दुसऱ्यात ती चोर आहे. ती श्रम करणारी व्यक्ती आहे, हे दोन्ही उत्तरांत नाही. ही दोन्ही उत्तरे एकाच वर्गाच्या सोयीची आहेत, ती परस्परांना पूरक आहेत, आणि त्यांचा मारा अखेरीस स्थानिक कष्टकरी स्त्रीवरही होतो, ही गोष्ट स्पष्टपणे मांडण्याची वेळ आली आहे.

मानाचा धडा

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. रायपूर शहराच्या वेशीजवळच माना आहे. जानेवारी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात खुलना, ढाका आदी ठिकाणी भीषण दंगली झाल्या आणि निर्वासितांचे लोंढे पुन्हा सीमेकडे वळले. पश्चिम बंगालमध्ये आता जागा नाही असे सांगून त्यांना रेल्वेगाड्यांतून मध्य प्रदेशात आणण्यात आले. माना परिसरात संक्रमण छावण्या उभ्या राहिल्या. तेथून त्यांना १९५८ साली स्थापन झालेल्या दंडकारण्य विकास प्राधिकरणाच्या बस्तर, कोरापुट व कलाहंडी येथील वसाहतींत पाठवावयाचे, अशी ती योजना होती. काही कुटुंबे महाराष्ट्रातही, तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलभागात, आज गडचिरोलीत असलेल्या गावांत, वसविण्यात आली. या योजनेतील जमिनीचा निकृष्टपणा आणि नियोजनातील गलथानपणा प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले शैवाल कुमार गुप्त यांनीच १९६५ साली ‘इकॉनॉमिक वीकली’मधून चव्हाट्यावर मांडला होता.

परंतु या ठिकाणी आपल्याला पाहावयाचे आहे ते वेगळेच. या सर्व योजनेत स्त्रीचे स्थान कोणते होते? जमीन, बैलजोडी व कर्ज हे सारे कुटुंबाला, म्हणजे कुटुंबातील धडधाकट पुरुषाला मिळावयाचे होते. ज्या कुटुंबात असा पुरुष नाही त्याचे पुनर्वसन होऊ शकत नाही, असे सरकारने ठरवून टाकले. वृद्ध, अपंग, दुर्धर आजाराने पीडित आणि ज्यांच्या मागे पुरुष नाही अशा स्त्रिया व त्यांची मुले, या सर्वांसाठी सरकारी दप्तरात एक वर्ग निर्माण करण्यात आला. त्याचे नाव होते ‘पर्मनंट लायबिलिटी’. लायबिलिटी हा जमाखर्चाच्या वहीतला शब्द आहे. देणे, बोजा, न फिटणारे ओझे असा त्याचा अर्थ. दोन हात असलेली, शेतात भाताची लावणी करण्याचा, जाळी विणण्याचा, धान कांडण्याचा जन्मभराचा अनुभव असलेली पंचविशीतील विधवा एका शेऱ्याने या राष्ट्राच्या कायमच्या ओझ्यात जमा झाली!

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हता. ओझे ठरलेल्या माणसाला काम द्यावयाचे नसते, निर्वाहभत्ता द्यावयाचा असतो, आणि तो भत्ता हेच त्याला वाकविण्याचे हत्यार असते. बंगालमधील छावणीवासीयांनी दंडकारण्यात जाण्यास नकार दिला तेव्हा त्यांची रोख मदत बंद करण्याचा मार्ग सरकारने अवलंबिला होता. स्त्रियांसाठी उत्पादन केंद्रे निघाली ती शिलाई आणि भरतकामापुरती. ज्या मालाला बाजार नाही असा माल बनविण्याचे शिक्षण देऊन, नंतर ‘यांना स्वावलंबी व्हावयाचेच नाही’ असा शेरा मारण्यास नोकरशाही मोकळी राहिली.

या शेऱ्याला इतिहासाने परस्पर उत्तर दिले आहे. त्याच काळात कलकत्त्याच्या उपनगरांत निर्वासितांनी स्वतःच्या हिमतीने वसाहती उभारल्या. १९५० साली स्थापन झालेल्या संयुक्त केंद्रीय निर्वासित परिषदेच्या झेंड्याखाली स्त्रिया पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. त्याच स्त्रिया पुढे शाळा, कचेऱ्या, टेलिफोन एक्स्चेंज आणि कारखाने यांत कामाला गेल्या. ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) हा चित्रपट ज्या निर्वासित मुलीच्या पगारावर सारे कुटुंब जगते तिचीच शोकांतिका सांगतो. ज्या समाजातील स्त्रीला मानात ‘ओझे’ म्हटले गेले, त्याच समाजातील स्त्री कलकत्त्यात आपल्या कुटुंबाचे ओझे वाहत होती. फरक स्त्रीच्या स्वभावात नव्हता, परिस्थितीत होता. एकीकडे शहर, शिक्षण आणि संघटना होती. दुसरीकडे जंगल, तंबू आणि अधिकाऱ्याचा शेरा होता.

कागद बदलले, दृष्टी तीच

‘तो काळ गेला’ असे म्हणणाऱ्यांनी आजचे नियम उघडून पाहावेत. पाकिस्तानातून येणाऱ्या हिंदू, शीख आदी अल्पसंख्य कुटुंबांचे रायपूर हे एक प्रमुख आश्रयस्थान आहे. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ज्या १६ जिल्ह्यांतील जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत छत्तीसगडमधून रायपूर आणि महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हे जिल्हे होते. नागरिकत्व मिळेपर्यंत ही माणसे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. २०१६ साली केंद्र सरकारने मोठा गाजावाजा करून त्यांना काही सवलती दिल्या: बँकेत खाते उघडणे, राहण्यापुरते घर घेणे, स्वयंरोजगार करणे, वाहन परवाना, पॅन आणि आधार. म्हणजे त्यापूर्वी या साध्या गोष्टीदेखील त्यांना सुरळीतपणे मिळत नव्हत्या!

आणि नोकरी? ती फक्त निव्वळ खाजगी क्षेत्रातली. सरकारी, निमसरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांची आणि सहकारी संस्थांची दारे बंद. वरकरणी ही अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच लागू आहे. पण तिचा भार कोणावर पडतो? आपल्या समाजात मध्यमवर्गातील आणि कनिष्ठ मध्यमवर्गातील स्त्रीला घराबाहेर पडून मानाने करता येईल असे काम प्रामुख्याने कोठे असते? सरकारी शाळेत, रुग्णालयात, अंगणवाडीत, नगरपालिकेत आणि महिलांच्या सहकारी संस्थेत. पुरुषाला कापड बाजारात ओळखीच्या गादीवर मुनीम म्हणून जागा मिळते. स्त्रीसाठी नेमकी जी दारे उघडी असू शकतात तीच कुलूपबंद आहेत. पंडरीतच जिल्हा रुग्णालय आहे. सिंधमध्ये शिकून आलेली परिचारिका त्या इमारतीसमोरून रोज जाऊ शकते, परंतु तेथील कायम जागेसाठी नागरिकत्वाविना अर्ज करू शकत नाही. नागरिकत्व मिळाले तरी अडथळा संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग व तंत्रशिक्षण परिषद यांनी एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या सूचनेप्रमाणे, पाकिस्तानातील उच्च शिक्षणाच्या पदवीवर नोकरी मागणाऱ्या स्थलांतरितास नागरिकत्वानंतरही गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी लागते. मंजुरी येईपर्यंत त्या पदवीची किंमत काय? शिलाई यंत्र!

याच व्हिसाच्या नियमांत आणखी एक कलम आहे. मूळ भारतीय वंशाची, पाकिस्तानात लग्न होऊन गेलेली स्त्री वैधव्यामुळे अथवा घटस्फोटामुळे परत आली, तर ती दीर्घ मुदतीच्या व्हिसास पात्र ठरते. मात्र पाकिस्तानात तिला आधार देणारा कोणी पुरुष नसला पाहिजे. मानाच्या छावणीत पुरुष नसणे हा ओझे ठरण्याचा निकष होता. आज पुरुष नसणे हा प्रवेशाचा निकष आहे. दोन्हीकडे स्त्रीची ओळख पुरुषावरूनच ठरते. ती काय जाणते, काय करू शकते, तिला काय करावयाचे आहे, हा रकाना अर्जात नाही.

यावर सत्ताधारी पक्षाचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली, ११ मार्च २०२४ रोजी नियम लागू केले, आता प्रश्न सुटला. वस्तुस्थिती काय आहे? या दुरुस्तीने धर्म हा नागरिकत्वाचा निकष ठरविला. म्यानमारमधून जीव वाचवून आलेली रोहिंग्या स्त्री त्यातून सरळ वगळली गेली. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आजवर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाला काम करू द्यावयाचे हे अधिकाऱ्याच्या परिपत्रकावर अवलंबून राहते. ज्यांच्या नावाने हे राजकारण चालते त्यांना तरी निर्धास्तपणा मिळाला काय? एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील असा स्वतंत्र खुलासा सरकारला करावा लागला. ज्यांचे जगणे अशा खुलाशावर तरंगते, त्यांच्यापैकी कोणती स्त्री मालकाकडे पगारवाढ मागण्यास धजेल?

बाजाराला काय हवे असते

येथेच प्रश्नाचा गाभा आहे. कायदा जिला उघड काम नाकारतो तिला बाजार काम नाकारीत नाही. तो तिला फक्त उघड मजुरी नाकारतो. कापडाच्या कोणत्याही मोठ्या बाजाराभोवती घरकामाचे जाळे पसरलेले असते. दुकानातून माल ठेकेदाराकडे जातो, ठेकेदाराकडून गल्लीबोळांतील घरांत जातो. फॉल, पिको, काज-बटण, हातशिलाई, ब्लाऊजची शिलाई ही सारी कामे नगावर मोजली जातात. यंत्र तिचे, दोरा तिचा, विजेचे बिल तिचे, जागा तिची, आणि टाका चुकला तर दंडही तिचाच. मालकाला ना कारखाना बांधावा लागतो, ना हजेरीपट ठेवावा लागतो. अशा घरकामगारांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारत सरकारने त्याला मान्यता दिलेली नाही.

दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलींची स्थिती तरी काय आहे? छत्तीसगडचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला आणि त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना आपल्या कक्षेतून वगळले. बाजारपेठेतील बहुसंख्य दुकाने कोणत्या बाजूला पडतात, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

सबब, ‘आश्रित’ हा शब्द दयाळूपणाचा नाही. तो मजुरीच्या दराचा शब्द आहे. आश्रिताला मजुरी मिळत नाही, ‘हातखर्च’ मिळतो. जी कमावते ती कमावती नाही, ‘घरबसल्या हातभार लावते’. राज्ययंत्रणेने एकदा तिला आश्रित ठरविले की मालकाचे अर्धे काम झालेले असते. उरलेले अर्धे काम घरातील पुरुषसत्ता करते, हेही निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. ‘परक्या देशात आपल्या बायकांनी बाहेर पडू नये’ ही भीती खरी असू शकते. परंतु त्या भीतीचा लाभ ठेकेदारच उठवितो.

‘तोंडचा घास’ कोण हिरावतो?

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. रायपूरच्या बांधकामांवर डोक्यावर घमेले घेऊन चढणारी छत्तीसगडी रेजा, म्हणजे बांधकामावरील स्त्री मजूर, पिढ्यान्‌पिढ्या कमी मजुरीवर राबत आली आहे. तिची मजुरी कोणा सिंधी अथवा बंगाली निर्वासित स्त्रीने कमी केली काय? निर्वासित येण्यापूर्वीही छत्तीसगडमधील स्त्री-पुरुष आसामच्या चहामळ्यांत भरती होऊन जात होते. आजही येथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर परप्रांतांत जातात. घास हिरावणारा हात वेगळाच आहे.

दंडकारण्यात आदिवासींची जमीन आणि जंगल यांवर निर्वासितांना आणून बसविण्यात आले, ही वेदना खरी आहे आणि ती नाकारता कामा नये. सुधारलेल्या जमिनीचा एक चतुर्थांश भाग आदिवासींसाठी राखण्याचे धोरण सरकारने जाहीर केले होते. परंतु जंगलावरील त्यांचा परंपरागत हक्क विचारात कोणी घेतला? दोन भूमिहीनांना एकाच तुकड्यावर उभे करून राज्यकर्त्यांनी त्यांना एकमेकांचे शत्रू बनविले, आणि मोठ्या जमीनमालकांच्या जमिनीला हात लागला नाही. जुलै २०२५ मध्ये कोंडागावात पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातून आलेल्या बांधकाम कामगारांना संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतले. ज्या कोंडागाव भागात एकेकाळी शासनानेच बंगाली निर्वासितांना आणून वसविले, तेथेच आज बंगाली बोलणारा भारतीय मजूर संशयित ठरतो!

कार्ल मार्क्सने १८७० साली मेयर व फोग्ट यांना लिहिलेल्या पत्रात इंग्लंडमधील इंग्रज आणि आयरिश कामगारांमधील वैराचे विश्लेषण केले होते. आयरिश मजूर आपली मजुरी पाडतो असे मानून इंग्रज कामगार त्याचा द्वेष करतो, आणि या द्वेषातच भांडवलदार वर्गाच्या सत्तेचे रहस्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दीडशे वर्षांनंतरही नावे तेवढी बदलली आहेत. मजुरी पाडते ती निर्वासित स्त्री नव्हे, तर तिची हक्कशून्यता. तिला हक्क मिळाले तर तिला स्वस्तात राबविता येणार नाही, आणि मग तिचे नाव सांगून रेजाची मजुरीही पाडता येणार नाही.

सातासमुद्रापलीकडचा आरसा

ज्यांना हा प्रश्न ‘त्यांचा’ वाटतो, त्यांनी आपल्याच घरांकडे पाहावे. पुण्या-नागपूरच्या कितीतरी सुशिक्षित मुली लग्नानंतर पतीबरोबर अमेरिकेत गेल्या आणि एच-४ या आश्रिताच्या व्हिसावर वर्षानुवर्षे घरी बसून राहिल्या. अभियंता, डॉक्टर, प्राध्यापिका. पण कायद्याच्या लेखी ‘डिपेंडंट’. २६ मे २०१५ पासून त्यांच्यापैकी काहींना कामाची मुभा मिळाली, तीही पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यास पोहोचला तरच, आणि तेव्हापासून ती मुभा काढून घेण्याचे प्रयत्नही झाले. ही बंदी मराठी मध्यमवर्गाला अन्याय वाटते. योग्यच आहे. मग तोच न्याय पंडरीतील सिंधी स्त्रीला, मानातील बंगाली स्त्रीला लावताना जीभ का अडखळते?

आश्रित ठरविलेली स्त्री लढू शकते याचा पुरावाही परदेशातच सापडतो. लंडनमधील ग्रनविक या छायाचित्र धुण्याच्या कारखान्यात ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी बाहेर पडल्या. त्यांपैकी बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रिया होत्या. मालकाला वाटले होते की साडी नेसणाऱ्या या बायका मुकाट्याने राबतील. त्यांच्या पाठिंब्यासाठी क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याची टपाल अडविली आणि यॉर्कशायरचे खाणकामगार त्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. जुलै १९७८ मध्ये संप मागे घ्यावा लागला, युनियनची मान्यता मिळाली नाही. परंतु बाहेरून आलेली स्त्री मजुरी पाडणारी नसून संपाचे नेतृत्व करणारी असू शकते, हे ब्रिटिश कामगारवर्गाने डोळ्यांनी पाहिले.

छत्तीसगडलाही हा धडा नवा नाही. १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या खाणींतील ठेकेदारी मजुरांवर गोळीबार झाला आणि ११ माणसे मारली गेली, त्यांत अनुसूयाबाई ही स्त्री कामगार होती. या मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी स्वतः बंगालमधून आलेले होते. खाणीतील मजुरांनी त्यांना परका मानले नाही. १९९१ साली भिलाईत त्यांची हत्या झाली ती ‘बाहेरचे’ म्हणून नव्हे, उद्योगपतींच्या नफ्याला आव्हान दिले म्हणून.

मागण्या कोणत्या?

दानधर्माची नव्हे, हक्कांची भाषा बोलली पाहिजे. भारताच्या राज्यघटनेने वेठबिगारीस मनाई केली आहे आणि ती मनाई केवळ नागरिकांपुरती नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे मोडीत काढून चार संहिता लागू करण्यात आल्या, तरी घटनेतील ही तरतूद कोणत्याही संहितेने पुसता येणारी नाही. तेव्हा पुढील मागण्यांभोवती स्थानिक आणि निर्वासित स्त्रियांची एकजूट उभी राहिली पाहिजे:

१. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तींना स्थानिक संस्था, सहकारी संस्था, रुग्णालये व शाळा यांतील कामाची दारे खुली करावीत. स्त्रियांना स्वतःच्या नावाने, पुरुषाच्या आधाराची अट न घालता, वास्तव्याचा व कामाचा परवाना मिळावा.

२. परदेशातील पदव्यांची ठराविक मुदतीत तपासणी व्हावी. सुरक्षेच्या नावाखाली अर्ज वर्षानुवर्षे कुजवत ठेवू नयेत.

३. नगावर काम करणाऱ्या घरकामगारांची नोंदणी व्हावी, नगाचे किमान दर ठरावेत, आणि ज्या दुकानाचा माल त्या दुकानावर त्याची जबाबदारी टाकावी. भारताने १७७ क्रमांकाच्या करारास मान्यता द्यावी.

४. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांतील कामगारांनाही कायद्याचे संरक्षण मिळावे.

५. धर्म, भाषा वा वंश न पाहता सर्व निर्वासितांना लागू होणारा, काम करण्याचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेने करावा.

स्त्रीची मुक्तता सार्वजनिक उत्पादनात तिने सहभागी होण्याशी जोडलेली आहे, असे फ्रेडरिक एंगल्सने १८८४ साली मांडले. ज्या स्त्रीने देश गमावला, घर गमावले, भाषेचा शेजार गमावला, तिच्यापाशी उरतात ते दोन हात. ते हात ओझे आहेत असे सांगणारी व्यवस्था त्याच हातांनी शिवलेले कापड बाजारात विकते. हा हिशेब मागण्याचे काम एकट्या निर्वासित स्त्रीचे नाही. घमेले उचलणारी रेजा, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी आणि घरात यंत्र चालविणारी सिंधी अथवा बंगाली स्त्री, या तिघी एका संघटनेत येतील त्या दिवशी पंडरीच्या बाजारात मजुरीचा दर मालक एकटा ठरवू शकणार नाही.